भाकरीला रहिवासाची अट कशाला?

भुकेल्या माणसाला सरकार पहिला प्रश्न कोणता विचारते? घरात धान्य आहे का, हा प्रश्न नंतरचा. पहिला प्रश्न असतो, तुम्ही कुठले? मग तलाठ्याचा रहिवासी दाखला आणा, १५ वर्षांचे अधिवास प्रमाणपत्र आणा, शिधापत्रिका आणा, वीजबिल आणा, घरमालकाचे संमतीपत्र आणा. ही कागदपत्रे ज्याच्या पिशवीत आहेत तो सरकारच्या लेखी गरीब. ज्याच्याजवळ ती नाहीत तो कितीही नागवला गेला असला तरी गरीब म्हणूनदेखील त्याला यादीत जागा नाही. पोटासाठी सहा महिने एका ठिकाणी आणि सहा महिने दुसऱ्या ठिकाणी राहणाऱ्या माणसाची या राज्यात हीच अवस्था आहे. तात्पुरता रहिवासी म्हणजे जणू तात्पुरता नागरिक, असा अर्थ आमच्या प्रशासनाने लावून घेतला आहे. हा अर्थ भारतीय संविधानात कुठेही नाही, हे आज आम्हाला स्पष्टपणे सांगायचे आहे.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे या देशात सुमारे ४५ कोटी लोक आपले पूर्वीचे राहते ठिकाण सोडून दुसरीकडे राहत होते. त्यात लग्न होऊन सासरी गेलेल्या स्त्रियांची संख्या मोठी आहे हे खरे. पण हंगामापुरते बाहेर पडून परत येणारे मजूर या मोजणीत नीट येतच नाहीत, हेही तितकेच खरे. ऊसतोडीला जाणारे, वीटभट्टीवर राबणारे, शहरातल्या मजूर नाक्यावर सकाळी सातला उभे राहणारे हे लोक कोण आहेत? त्यांत बौद्ध आहेत, मातंग आहेत, वंजारी आणि बंजारा आहेत, भटके-विमुक्त आहेत, आदिवासी आहेत. ज्याला जमीन नाही किंवा असून पिकत नाही, तोच गाव सोडतो. या देशात पिढ्यान्‌पिढ्या जमीन कोणाला नाकारली गेली, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

एका कोयत्याचा विचार करू. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे ऊसतोडीतले मोजमाप. बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर या भागातून दिवाळीच्या आगेमागे हे कोयते पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. कारखान्याच्या अड्ड्यावर पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी उभी राहते. त्या कोपीला घर क्रमांक नाही, वीजबिल नाही, ग्रामपंचायतीच्या दप्तरात नोंद नाही. तिथे मूल आजारी पडले, नवऱ्याचा हात तुटला, बाई बाळंत झाली, तर मदत मागायची कोणाकडे? ज्या तालुक्यात कोपी आहे तो तालुका म्हणतो, तुम्ही आमचे नाही. ज्या तालुक्यात नाव आहे तो म्हणतो, तुम्ही इथे हजर नाही. दोन्ही उत्तरे देणारे कर्मचारी आपापल्या जागी नियमाने वागत असतात. नियमच असा आहे की माणूस दोघांच्या मध्ये पडावा.

रेशनचे उदाहरण घेऊ, कारण त्यात थोडी सुधारणा झाली आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ प्रमाणे प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात, तसेच आंध्र प्रदेश आणि तेलंगणा अशा जोड्यांनी ‘एक देश एक रेशन कार्ड’ सुरू झाले आणि जून २०२२ मध्ये आसाम सामील झाल्यावर ते देशभर झाले. म्हणजे कायद्याने बीडच्या माणसाला कोल्हापुरात काय, बेळगावातही आपले धान्य उचलता येते. दुकानदार ‘तुमचे कार्ड इथले नाही’ म्हणून परत पाठवू शकत नाही. पण कोयता धरून भेगाळलेला अंगठा ई-पॉस मशीन ओळखत नाही, ई-केवायसी राहिली म्हणून नाव अडते, दुकानदार साठा संपल्याचे सांगतो, आणि फडावरून दुकानापर्यंत जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. त्यामुळे कित्येक टोळ्या घरूनच पीठ-ज्वारी बांधून नेतात. हक्क गाडीत बसला, पण वाटेतच उतरवला गेला.

आणि हे झाले कार्ड असलेल्यांचे. ज्यांचे कार्डच नाही त्यांचे काय? अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातील ७५ टक्के आणि शहरी भागातील ५० टक्के लोकसंख्येपर्यंत लाभ देण्याची मर्यादा घातली आणि राज्याराज्याचा कोटा २०११ च्या जनगणनेवर ठरला. त्यानंतर लोकसंख्या वाढली, कोटा वाढला नाही. ई-श्रम पोर्टलवर नोंदलेल्या सुमारे २८ कोटी ६० लाख मजुरांपैकी जवळपास ८ कोटी लोकांकडे शिधापत्रिका नाही, ही बाब सर्वोच्च न्यायालयासमोर आली. न्यायालयाने २० एप्रिल २०२३ रोजी त्यांना तीन महिन्यांत शिधापत्रिका देण्यास सांगितले आणि १९ मार्च २०२४ रोजी पुन्हा दोन महिन्यांची मुदत दिली. सर्वोच्च न्यायालयाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते, यावरून या प्रश्नाकडे पाहण्याची राज्यकर्त्यांची वृत्ती दिसते.

आता पैशाच्या मदतीकडे वळू. संजय गांधी निराधार अनुदान योजना ही विधवा, परित्यक्ता, अपंग, दुर्धर आजारी अशा निराधारांसाठी आहे. २०२३ मध्ये तिचे अनुदान महिना १५०० रुपये झाले. उत्पन्नाची मर्यादा मात्र वर्षाला २१,००० रुपये, आणि अर्जदार किमान १५ वर्षे महाराष्ट्राचा रहिवासी असावा ही अट. तेलंगणातून किंवा मध्य प्रदेशातून येऊन दहा वर्षे पुण्या-मुंबईच्या बांधकामावर राबलेल्या मजुराची विधवा या अटीत बसत नाही. तिच्या नवऱ्याने या राज्यातले पूल बांधले, इमारती बांधल्या. त्याचा घाम चालला, त्याच्या मागे राहिलेली बाई चालत नाही. निराधारपणाला १५ वर्षे थांबायला सांगणारा हा नियम कोणत्या न्यायबुद्धीतून आला?

काही लोक म्हणतील, नियम हा नियम असतो. तसे असेल तर २०२४ चा अनुभव आठवावा. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली तेव्हा अधिवास प्रमाणपत्राची अट होती. तलाठी कार्यालये आणि सेतू केंद्रांसमोर बायकांच्या रांगा लागल्या. विधानसभेची निवडणूक जवळ होती. काही दिवसांतच सरकारने अट सैल केली. अधिवास प्रमाणपत्र नसेल तर १५ वर्षांपूर्वीची शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला यांपैकी एक चालेल असे ठरले. परराज्यात जन्मलेल्या पण महाराष्ट्रातल्या पुरुषाशी लग्न केलेल्या स्त्रीसाठी नवऱ्याची कागदपत्रे चालतील असेही ठरले. आम्ही या निर्णयाला वाईट म्हणत नाही. आमचा मुद्दा एवढाच आहे की मतांची गरज पडली तेव्हा कागदाची भिंत आठवड्याभरात वाकली. मग निराधार योजनेतली भिंत का वाकत नाही? कारण हंगामी मजूर मतदानाच्या दिवशी बहुधा गावात नसतो.

मदत पोहोचली नाही म्हणून गरज थांबत नाही. जिथे सरकारी मदत पोहोचत नाही तिथे मुकादमाची उचल पोहोचते. आईच्या औषधपाण्यासाठी, मुलीच्या लग्नासाठी, पावसाळ्यातल्या रिकाम्या चार महिन्यांसाठी उचल घ्यायची आणि ती फेडायला पुढचा हंगाम राबायचा. हंगामात उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर. वेठबिगारी निर्मूलन कायदा १९७६ मध्ये झाला, पण उचलीच्या दोरीने बांधलेला माणूस आजही तोंडी कराराने एका मुकादमाकडून दुसऱ्याकडे जातो. या दोरीला कापायचे असेल तर अडचणीच्या दिवसांत माणसाच्या हाती स्वतःच्या हक्काचे धान्य आणि स्वतःच्या हक्काचे दोन पैसे असले पाहिजेत, मग तो त्या दिवशी कोणत्याही तालुक्यात असो.

इथे आम्हाला महार वतनाची आठवण करून द्यावीशी वाटते. वतन म्हणजे काय होते? गावाची चाकरी करायची, बदल्यात तुकडाभर जमीन आणि बलुते घ्यायचे. गाव सोडले की भाकर सुटली. माणसाची भाकर गावाच्या खुंटीला बांधून ठेवली की माणूसही तिथेच बांधला जातो, हे त्या व्यवस्थेचे मर्म होते. बाबासाहेबांनी हे ओळखले आणि १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना त्यांनी गावाला घटक न मानता व्यक्तीला घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले. या एका निर्णयाचे मोल मोठे आहे. व्यक्ती हा घटक असेल तर हक्क व्यक्तीबरोबर चालत गेला पाहिजे. रहिवासाच्या दाखल्याला भाकर बांधणारे आजचे नियम आपल्याला पुन्हा त्या जुन्या खुंटीकडे नेत आहेत.

यावर एक आक्षेप येऊ शकतो आणि तो टाळणे आम्हाला योग्य वाटत नाही. खुद्द बाबासाहेबांनी ३० नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत नोकऱ्यांच्या बाबतीत रहिवासाच्या अटीचे समर्थन केले होते. नुसते पाखरासारखे एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात येऊन नोकरी घेऊन निघून जाणाऱ्यांना मोकळे रान देता येणार नाही, अशा आशयाचे ते बोलले. मग आम्ही वेगळे काय सांगतो? दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, ती चर्चा सरकारी पदांची होती. पदे मोजकी असतात आणि एकाला दिले की दुसऱ्याचे जाते. भुकेचे तसे नाही. दुसरी, त्या वेळीसुद्धा ही अट ठरवण्याचा अधिकार प्रत्येक प्रांताला न देता संसदेला दिला गेला. तो आज अनुच्छेद १६ (३) मध्ये आहे. हेतू हा की प्रत्येक राज्याने मनाला येईल तेवढी वर्षे ठरवू नयेत. नोकरीसाठीदेखील ज्यांनी इतकी सावधगिरी बाळगली, त्यांच्या नावाने निराधार बाईला १५ वर्षांची अट लावणे हा विपर्यास आहे.

सार्वजनिक मदतीबद्दल घटनेत स्वतंत्र अनुच्छेद आहे, तो म्हणजे ४१ वा. बेकारी, वार्धक्य, आजार, अपंगत्व आणि दोष नसताना ओढवलेली ददात अशा प्रसंगी सार्वजनिक साहाय्याची तरतूद राज्याने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत करावी, असे तो सांगतो. मर्यादा कुवतीची आहे, रहिवासाची नाही. अनुच्छेद १९ देशात कुठेही फिरण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क देतो. प्रदीप जैन खटल्यात १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की या देशात अधिवास एकच, भारताचा. २९ जानेवारी २०२५ रोजी तन्वी बहल खटल्यात वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशातील रहिवासावर आधारित आरक्षण रद्द करताना न्यायालयाने हीच भूमिका पुन्हा मांडली. कायद्याचा अभ्यासक म्हणून आम्ही हेही सांगतो की वाट सरळ नाही. रहिवास म्हणजे जन्मस्थान नव्हे, असे न्यायालयाने डी. पी. जोशी खटल्यात १९५५ मध्येच म्हटले आहे, आणि एमबीबीएस प्रवेशात रहिवासाला काही प्रमाणात मान्यताही दिली आहे. त्यामुळे ही लढाई अनुच्छेद १५ पेक्षा अनुच्छेद १४ आणि २१ वर लढावी लागेल. प्रश्न असा विचारावा लागेल की निराधाराची गरज भागवणे हा योजनेचा हेतू असेल, तर १५ वर्षांच्या अटीचा त्या हेतूशी संबंध काय?

हा प्रश्न जगाने आपल्या आधी सोडवला आहे. इंग्लंडमध्ये १६६२ च्या कायद्याने वर्षाला १० पौंडांपेक्षा कमी भाड्यात राहणाऱ्या नव्या माणसाला, तो पुढे कधी गावावर ओझे होईल या नुसत्या शंकेवरून, ४० दिवसांच्या आत त्याच्या मूळ पॅरिशकडे हाकलता येत असे. ही शंकेवरची हकालपट्टी तिथे १७९५ मध्ये थांबवावी लागली. अमेरिकेत काही राज्ये नव्याने आलेल्या गरिबांना एक वर्ष थांबल्याशिवाय मदत देत नव्हती. मॅसॅच्युसेट्समधून कनेटिकटमध्ये आलेल्या एकोणीस वर्षांच्या एका गरोदर आईची मदत या कारणाने नाकारली गेली. १९६९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शपिरो विरुद्ध थॉम्पसन खटल्यात ही अट घटनाबाह्य ठरवली. गरिबांनी आपल्या राज्यात येऊच नये म्हणून मदत अडवणे हा राज्याचा वैध हेतू होऊ शकत नाही, असे त्या निकालाचे सार आहे. तिथे एक वर्षसुद्धा जास्त ठरले. आमच्याकडे १५ वर्षे बिनबोभाट चालतात.

दुसरा आक्षेप असा की अट काढली तर लोक दोन्हीकडे लाभ घेतील. आधार आणि ई-पॉस आल्यापासून हा आक्षेप टिकत नाही. एका ठिकाणी धान्य उचलले की दुसरीकडे त्या महिन्याची नोंद दिसते. गरिबाचे नाव कापण्यासाठी जे यंत्र इतके तत्पर आहे, ते त्याचा हक्क त्याच्यामागे पाठवण्यासाठी का वापरू नये? तिसरा आक्षेप भूमिपुत्रांचा. ‘बाहेरच्यांना’ आमचे पैसे कशाला, असे म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की बेळगाव-बागलकोटच्या फडात राबणारा मराठवाड्याचा मजूरही तिथे ‘बाहेरचा’च असतो. आपण जो न्याय दुसऱ्याला देऊ तोच आपल्या माणसाच्या वाट्याला येतो.

या सगळ्याची किंमत २०२० मध्ये देशाने पाहिली आहे. टाळेबंदीत काम गेले, मुक्कामाच्या ठिकाणी धान्याचा आधार नाही, आणि माणसे शेकडो मैल चालत निघाली. ८ मे २०२० रोजी जालन्याहून निघालेले मध्य प्रदेशचे १६ मजूर करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली गेले. केंद्राने कार्ड नसलेल्या ८ कोटी स्थलांतरितांसाठी दोन महिने धान्य जाहीर केले ते १४ मे रोजी. पुढच्या वर्षी, १३ मे २०२१ च्या अंतरिम आदेशात सर्वोच्च न्यायालयाने राजधानी क्षेत्रातील अडकलेल्या मजुरांना ओळखपत्राचा आग्रह न धरता स्वयंघोषणेवर कोरडा शिधा देण्यास सांगितले. म्हणजे स्वयंघोषणेवर मदत देणे अशक्य नाही. न्यायालयाने सांगितले तेव्हा ते मान्य झाले.

कामगार कायद्यांकडूनही फार आशा धरता येत नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा १९७९ मध्ये विस्थापन भत्त्याची तरतूद होती, पण ती बहुतेक कागदावरच राहिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या श्रम संहितेने घेतली. तिच्यात प्रवासभत्ता आणि रेशन कुठेही घेण्याची सोय आहे, विस्थापन भत्ता मात्र गायब आहे. आणि बीडहून कोल्हापूरला जाणारा माणूस राज्याची सीमा ओलांडत नाही, म्हणून तो ‘आंतरराज्य’ स्थलांतरितात मोडतच नाही. त्याच्यासाठी स्वतंत्र राज्य कायदा हवा, ही मागणी आता जोराने पुढे आली पाहिजे.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. निराधार योजनेतील १५ वर्षांची अट रद्द करावी आणि प्रत्यक्ष वास्तव्याची स्वयंघोषणा पुरेशी मानावी. हंगाम सुरू होताच प्रत्येक कारखान्याच्या अड्ड्यावर पुरवठा विभागाने फिरते धान्य दुकान न्यावे. अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नये. अन्नसुरक्षेचा कोटा नव्या लोकसंख्येप्रमाणे वाढवावा. कोपीतल्या सहा वर्षांखालील मुलांची आणि गरोदर बायांची नोंद जवळच्या अंगणवाडीत व्हावी. ज्या वस्तीत अशी ४० मुले आहेत तिथे मागणीनंतर तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजीच सांगून ठेवले आहे.

पण नुसत्या मागण्यांनी काही होत नाही, हे चळवळीच्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. आपापल्या तालुक्यात कारखाना असेल, वीटभट्टी असेल, मजूर नाका असेल, तर हंगामाच्या पहिल्या आठवड्यात तिथे जा. कोणाचे कार्ड आहे, कोणाचे नाही, याची वहीत नोंद करा. दुकानदाराने धान्य नाकारले तर तारीख आणि कारण लिहून घ्या, आणि अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम १५ खालील जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. हक्काचे धान्य मिळाले नाही तर कलम ८ प्रमाणे अन्नसुरक्षा भत्ता मागता येतो, हे लोकांना सांगा. अर्ज तोंडी फेटाळू देऊ नका, पोच घ्या, माहितीच्या अधिकारात कारण विचारा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि प्रत्येक स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. तिथे एक अर्ज टाकायला पैसे लागत नाहीत.

जयंतीच्या मिरवणुका आपण थाटात काढतो. त्यात गैर काही नाही. पण आपल्या तालुक्यात कोप्या घालून राहिलेल्या माणसांपर्यंत आपण किती वेळा गेलो, याचाही हिशेब प्रत्येक शाखेने मांडावा. येत्या हंगामात प्रत्येक तालुका शाखेने निदान एका अड्ड्याची जबाबदारी घ्यावी आणि तिथल्या एकाही कुटुंबाचे धान्य ‘तुम्ही इथले नाही’ या कारणाने अडू देऊ नये, एवढी आमची विनंती आहे. जयभीम!